सध्याचा पगार आणि अपेक्षा: मुलाखतीतल्या दोन प्रश्नांची तयारी

माझ्या दुसऱ्या नोकरीच्या वेळची गोष्ट. जुन्या ऑफिसच्या जिन्यात उभी राहून मी फोनवर बोलत होते. पलीकडून प्रश्न आला, "सध्या किती मिळतात?" मी पटकन म्हणाले, "३२ हजार." ते माझ्या खात्यात दरमहा जमा होणारे पैसे होते. पलीकडच्या बाईंनी मात्र तो आकडा कपातीआधीचा पगार म्हणून लिहून घेतला. त्यावर वाढ धरून ३६ हजारांचं पत्र आलं, मी आनंदाने सही केली, आणि पहिल्या महिन्याच्या शेवटी खात्यात ३१,५०० आले. मला कोणी फसवलं नव्हतं. आम्ही दोघी 'पगार' या एका शब्दाचे दोन अर्थ धरून बोललो होतो, इतकंच.

पुढे बरीच वर्षं मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून मुलाखती घेतल्या. कामात पक्की असलेली माणसंही पगाराचा विषय निघाला की गडबडतात, हे तिथून रोज दिसायचं. त्यांची एकच चूक व्हायची: 'सध्या किती' आणि 'अपेक्षा किती' हे दोन प्रश्न ती एकत्र बांधून टाकायची. पहिल्याचं उत्तर तुमच्या जुन्या कंपनीने कधीतरी ठरवलेलं असतं. दुसऱ्याचं उत्तर पुढच्या कामावरून निघायला हवं. नव्याने नोकरी शोधणाऱ्याने हे दोन आकडे वेगळे कसे ठेवायचे, ते पायरीपायरीने सांगते.

पायरी पहिली: एक कागद, तीन आकडे

मुलाखतीच्या आधी निदान एक संध्याकाळ या कामाला द्या. पहिला आकडा आजच्या पगाराचा, आणि तो एका ओळीत मावत नाही. गेल्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप समोर ठेवून एकाखाली एक लिहा. मूळ वेतन आणि भत्ते मिळून दरमहा ठरलेली रक्कम किती. त्यातून कर, निवृत्ती निधी वगैरे कापून हातात किती येतात. कंपनी स्वतःच्या बाजूने निवृत्ती निधीत काय भरते, विम्याचा हप्ता भरते का. वर्षाचा बोनस किंवा व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीनुसार कमीजास्त होणारा पगाराचा भाग, किती.

व्हेरिएबलपाशी जरा थांबा. नेमणुकीच्या पत्रात वर्षाला ६० हजार लिहिलेले असतात आणि प्रत्यक्षात मिळालेले असतात ३६. दोन्ही आकडे लिहा, 'कागदावर' आणि 'मिळाले' असं पुढे नोंदवून. नव्या कंपनीने पत्रातला आकडा धरून हिशोब केला आणि तुम्ही मिळालेला धरून, तर बोलणी सुरुवातीपासूनच वेगळ्या पायावर उभी राहतात.

मग स्लिपवर न दिसणाऱ्या गोष्टी: ओव्हरटाइम, ऑफिसची गाडी, आठवड्यातले घरून कामाचे दिवस, भरपगारी रजा. येत्या दोन-तीन महिन्यांत पगारवाढ ठरलेली असेल किंवा बोनस हाती पडायचा असेल, तर त्याचीही नोंद करा. नोकरी सोडल्यामुळे तो बुडणार असेल, तर बोलणीत तो मागता येतो. मात्र आकडा हाताशी नसेल तर मागायचं सुचतच नाही.

शेवटी तीन बेरजा काढा: कपातीआधी दरमहा, हातात दरमहा, आणि कंपनीचा वर्षाचा एकूण खर्च, म्हणजे सीटीसी. यापुढे कुठलाही आकडा एकटा उच्चारू नका. '३२ हजार' असं न म्हणता 'हातात दरमहा ३२ हजार' म्हणा. एवढी सवय मला असती, तर माझा तो महिना वाचला असता.

दुसरा आकडा बाजारभावाचा, म्हणजे ज्या कामासाठी जाताय त्याला बाहेर किती देतात तो. पदाच्या नावावरून शोधू नका, कामावरून शोधा. 'एक्झिक्युटिव्ह' या एका नावाखाली कुठे फोन उचलणारा असतो, तर कुठे दहा माणसांचं काम बघणारा. ज्या जाहिरातींत पगार छापलेला असतो त्या जमवा. पगाराची माहिती देणाऱ्या वेबसाइटवरचे आकडे लोकांनी स्वतः भरलेले असतात. त्यात जुनी वर्षं, वेगळी शहरं, कपातीआधीचं आणि नंतरचं असं सगळं मिसळलेलं असतं, म्हणून त्यांच्याकडे अंदाज म्हणूनच बघा. सगळ्यात उपयोगी माहिती त्याच कामातल्या माणसांकडून मिळते. मात्र कोणालाही 'तुला किती मिळतात?' असं विचारू नका, समोरचा आखडतो. 'या कामाला एवढ्या अनुभवाच्या माणसाला साधारण किती ते किती देतात?' असं विचारलं की लोक मोकळेपणाने सांगतात. पाच-सहा आकडे जमले की सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा बाजूला ठेवा. उरलेले आकडे म्हणजे तुमचा पट्टा.

तिसरा आकडा खालच्या रेघेचा. याच्या खाली मी नाही म्हणेन, अशी रक्कम. घरखर्च, जाण्यायेण्याचा वाढलेला खर्च, घर बदलावं लागलं तर त्याचं भाडं, जुन्या ठिकाणी सोडून द्यावा लागणारा बोनस, हे सगळं धरून ती काढा. ही रेघ मुलाखतीत कोणालाच सांगायची नाही. तिचा उपयोग तुमच्यापुरता आहे: दडपणाखाली 'हो' तोंडातून निघू नये म्हणून.

पायरी दुसरी: ते का विचारतात, हे समजून घ्या

या पदासाठी त्यांनी एक पट्टा ठरवलेला असतो, आणि तुम्ही त्यात बसता का हे त्यांना लवकर कळायला हवं असतं. यात गैर काही नाही. उगाच चार फेऱ्या घेऊन शेवटी जमत नाही म्हणण्यापेक्षा ते बरं. दुसरं कारण उमेदवाराला महाग पडतं: आधी कळलेल्या आकड्याभोवती पुढचा सगळा विचार फिरतो.

एमॉस ट्व्हर्स्की आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांसमोर एक चाक फिरवायचं. ते १० किंवा ६५ या आकड्यांवरच थांबेल अशी व्यवस्था केलेली होती, हे लोकांना माहीत नव्हतं. मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के आहेत? चाकाचा या प्रश्नाशी काडीचा संबंध नव्हता. तरी १० पाहिलेल्यांचं मधलं उत्तर २५ आलं आणि ६५ पाहिलेल्यांचं ४५. तुमचा जुना पगार मुलाखतीत या चाकासारखं काम करतो. नव्या कामाची किंमत त्यावरून ठरायचं काही कारण नसतं, पण एकदा टेबलावर आला की तो सगळ्यांना आपल्याकडे ओढतो, खुद्द तुम्हालाही.

टक्क्यांच्या हिशोबाने ही ओढ पिढीजात होते. एकाच पदासाठी दोन जण आले, एकाचा पगार ३० हजार, दुसऱ्याचा ४५. दोघांनाही '३० टक्के वाढ' दिली. एक ३९ हजारांवर गेला, दुसरा ५८,५०० वर. काम तेच, टेबलं शेजारी शेजारी, आणि १५ हजारांचा फरक आता १९,५०० झाला. पहिल्या नोकरीत कोणाला कमी पगारावर घेतलं गेलं असेल, तर ती कमतरता पुढच्या प्रत्येक नोकरीत त्याच्याबरोबर येते.

याच कारणाने काही ठिकाणी उमेदवाराला जुना पगार विचारायलाच कायद्याने बंदी आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१६ साली असा कायदा केला आणि तो १ जुलै २०१८ पासून लागू झाला. न्यूयॉर्क शहरात ऑक्टोबर २०१७ पासून आणि कॅलिफोर्नियात जानेवारी २०१८ पासून ही बंदी आहे. युरोपीय संघाने २०२३ साली काढलेल्या निर्देशातही जुना पगार विचारू नये आणि पदाचा पगारपट्टा उमेदवाराला मुलाखतीआधी कळवावा, असं म्हटलं आहे. सदस्य देशांनी त्याप्रमाणे कायदे करण्यासाठी ७ जून २०२६ ही मुदत ठेवली. तुम्ही जिथे अर्ज करताय तिथला नियम आधी बघून घ्या. परदेशातल्या कंपनीसाठी घरून काम करणाऱ्यांनी तर नक्कीच.

पायरी तिसरी: विषय लवकर निघाला तर

पगाराचा विषय आपण होऊन पहिल्या दहा मिनिटांत काढू नये, असं माझं मत आहे. काम नक्की काय आहे हे कळायच्या आधी त्याची किंमत कशी सांगणार? पण पुष्कळदा पहिल्या फोनवरच एचआरकडून विचारणा होते, आणि तो फोन नेमका तुम्ही गर्दीत किंवा कामात असताना येतो. अशा वेळी उत्तर द्यायची घाई करू नका. "आत्ता नीट बोलता येणार नाही, संध्याकाळी सहानंतर मी फोन करू का?" हे कोणालाही खटकत नाही.

शांतपणे बोलता येत असेल तर प्रश्न परत त्यांच्याकडे द्या. "कामाचं स्वरूप अजून पूर्ण कळलेलं नाही, म्हणून आकडा सांगणं घाईचं होईल. या पदासाठी तुम्ही काय पट्टा धरला आहे? तो कळला तर पुढे जाण्यात अर्थ आहे का, हे मी लगेच सांगू शकेन." बरेच जण पट्टा सांगतात. जे सांगत नाहीत, त्यांच्यासाठी बाजारभावाचा पट्टा तुमच्याकडे तयार आहे.

पायरी चौथी: 'सध्या किती?' याचं उत्तर

पहिला नियम, खोटं बोलू नका. नैतिकता घडीभर बाजूला ठेवली तरी व्यवहाराच्या दृष्टीनेही ते महागात पडतं. सॅलरी स्लिप मागतात, बँकेचं स्टेटमेंट मागतात, जुन्या कंपनीकडे चौकशी करतात. फुगवलेला आकडा उघडा पडला म्हणून हातात आलेलं पत्र मागे घेतलं गेल्याचं मी स्वतः पाहिलं आहे. तो मुलगा कामात इतका चांगला होता की त्याने खरा आकडा सांगितला असता तरी आम्ही त्याला घेतलं असतं. अजून वाईट वाटतं त्याचं.

खरं बोलायचं म्हणजे सगळं सांगायचं, असं मात्र नाही. तीन रस्ते आहेत आणि तिन्ही सभ्य आहेत.

आकडा सांगायचा आणि त्याच वाक्यात तो वेगळा काढायचा. "सध्या कपातीआधी दरमहा ४० हजार आहेत. पण तिथे मी एकटीचं काम बघते, आणि या पदावर टीम सांभाळायची आहे, त्यामुळे माझी अपेक्षा या कामाला धरून आहे." सध्याचा पगार बाजारभावाच्या आसपास असेल तर हा रस्ता सगळ्यात सोपा.

पगार कमी असेल तर कारण एका वाक्यात द्यायचं. छोटी संस्था होती, शिकायला मिळालं म्हणून राहिलो, तीन वर्षं वाढ झाली नाही, जे खरं असेल ते. लाजायचं काहीच नाही. फक्त लांबण लावू नका आणि जुन्या कंपनीची निंदा करू नका. निंदा ऐकली की मुलाखत घेणारा पगार विसरतो आणि हा माणूस उद्या आपल्याबद्दलही असंच बोलेल, हे लक्षात ठेवतो.

तिसरा रस्ता नम्रपणे न सांगण्याचा. "तो आकडा मला गोपनीय ठेवायचा आहे, अपेक्षा मात्र मी स्पष्ट सांगू शकते." तुमच्या नेमणुकीच्या करारात पगार गोपनीय ठेवण्याची अट असेल तर तसं सांगा, ते खरं कारण आहे. काही ठिकाणी यावर अडून बसतात, स्लिपशिवाय पुढे जात नाहीत. तिथे किती ताणायचं ते तुमची गरज आणि हातातले पर्याय बघून ठरवा. ऑनलाइन फॉर्ममध्ये रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येत नसेल, तर खरा आकडा भरा आणि शेरा लिहायला जागा असेल तर 'अपेक्षा कामाच्या स्वरूपानुसार' असं लिहा.

पायरी पाचवी: अपेक्षा सांगताना

या वाक्याची घरी मोठ्याने तालीम करा. मनात म्हटलेलं आणि तोंडातून निघालेलं यात फार अंतर असतं. माझ्या समोर बसलेले कितीतरी लोक आकड्यापर्यंत नीट यायचे आणि तिथे आवाज खाली जायचा: "म्हणजे… ५५ वगैरे… पण थोडं कमीजास्त चालेल." समोरच्याने अजून काही विचारलेलंही नसतं आणि उमेदवार स्वतःच खाली उतरलेला असतो.

एक उमेदवार मला आजही आठवते. मी विचारलं, "तुमची अपेक्षा काय आहे?" ती म्हणाली, "आपलं जे बोलणं झालं त्यात दोन जणांची टीम आणि महिन्याचे सगळे अहवाल वेळेत देणं आहे. अशा कामाला ५२ ते ६२ हजार देतात असं मला शोधताना दिसलं. अहवालांचं काम मी तीन वर्षं केलंय, म्हणून कपातीआधी दरमहा ५८ हजार मी धरले आहेत." आणि ती गप्प बसली. मी वहीत लिहीत होते, त्याला थोडा वेळ लागला. त्या वेळात ती पाण्याचा ग्लास उचलून दोन घोट प्यायली. एक शब्द जास्त बोलली नाही. त्या शांततेत पुढचं बोलणं माझ्यावर आलं होतं.

तिच्या उत्तरात काम आधी आलं, आकडा नंतर. पगार कपातीआधीचा की हातातला, हे स्पष्ट होतं. घराचा हप्ता, मुलांच्या फिया, वाढती महागाई यांपैकी काही नव्हतं. हे सगळे खर्च खरे असतात, पण कंपनी तुमच्या गरजेला पगार देत नाही, कामाला देते. आणि तिने टक्के काढले नाहीत. 'मला ३० टक्के हाइक हवी' म्हणताच तुम्ही स्वतः जुना पगार पाया म्हणून मांडून देता.

पट्टा सांगावा की एकच आकडा? मी एकाच आकड्याच्या बाजूची आहे. तुम्ही '५० ते ६०' म्हणालात की समोरच्याला ५० ऐकू येतात. पट्टा सांगायचाच असेल तर त्याची खालची बाजू अशी ठेवा की तेवढेच मिळाले तरी मन खट्टू होणार नाही. 'कंपनीच्या नियमाप्रमाणे द्या' हे उत्तर मात्र टाळा. त्यात नम्रता वाटते खरी, पण ऐकणाऱ्याला तयारी दिसत नाही.

स्त्रियांसाठी वेगळं सांगायला हवं. हॅना रायली बोल्स, लिंडा बॅबकॉक आणि लेइ लाय यांचे २००७ साली प्रसिद्ध झालेले प्रयोग आहेत. जास्त पगार मागणाऱ्या उमेदवाराबद्दल परीक्षकाचं मत बिघडतं का, हे त्यांत पाहिलं होतं. विशेषतः पुरुष परीक्षकांकडून स्त्रियांना त्याची जास्त किंमत मोजावी लागते, असं दिसलं. हा अन्याय आहे आणि तो मुलाखतीतल्या उमेदवाराने एकटीने निस्तरायचा नाही. तरी मागायचं सोडू नका. मागणी कामाच्या जबाबदारीला आणि बाजारभावाला बांधलेली असली की ती 'मला हवंय' अशी न ऐकू येता 'या कामाचं हे आहे' अशी ऐकू येते.

पायरी सहावी: 'हे आमच्या बजेटबाहेर आहे'

हे वाक्य ऐकलं की घाबरू नका. बऱ्याचदा ती फक्त बोलण्याची सुरुवात असते. "तुमचा पट्टा कुठपर्यंत जातो?" असं विचारा. अंतर थोडं असेल तर कारणासह एकदा पुन्हा मागा. एकदाच. तीनदा मागितलं की घासाघीस वाटते आणि दोन्हीकडची माणसं कंटाळतात.

मूळ पगार हलत नसेल तर बाकीचं हलतं का बघा: रुजू होतानाचा एकरकमी बोनस, नोटीस पिरियड विकत घेण्याचे, म्हणजे तो पूर्ण न करता निघण्यासाठी जुन्या कंपनीला भरावे लागणारे पैसे, रजा, घरून कामाचे दिवस, सहा महिन्यांनी पगाराचा फेरविचार. शेवटची गोष्ट तोंडी कबूल करून घेऊ नका. सहा महिन्यांत माणसं बदलतात, कबूल करणाराच नोकरी सोडून गेलेला असतो. पत्रात एक ओळ लिहून मागा.

लगेच उत्तर देणं कुठेच सक्तीचं नसतं. "दोन दिवसांत कळवते" म्हणा आणि खरोखर दोन दिवसांत कळवा. खालच्या रेघेच्याही खालचं असेल तर आभार मानून नाही म्हणा.

पहिली नोकरी, किंवा मध्ये खंड पडलेला

पहिल्या नोकरीत 'सध्या किती' हा प्रश्न लागू नाही. स्टायपेंड मिळत असेल तर त्याला पगार म्हणू नका, स्टायपेंडच म्हणा. नवख्यांसाठी पगार बहुतेक ठिकाणी एकसारखा ठरलेला असतो आणि बोलणीला वाव थोडा. तिथे जोर माहितीवर द्या: हातात किती येणार, प्रशिक्षणाच्या काळात पगार वेगळा आहे का, बाँड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार, आहे का आणि तो मोडला तर किती भरावे लागतात, पहिली वाढ कधी. बाँडबद्दल विचारायला नवी मुलं संकोचतात. विचाराच.

दोन-चार वर्षांच्या खंडानंतर येणाऱ्यांनी जुना पगार 'तेव्हाचा' म्हणून वर्षासकट सांगावा आणि अपेक्षा आजच्या बाजारभावाने धरावी. खंड पडला म्हणून बाजारभाव तिथे थांबलेला नसतो.

पायरी शेवटची: पत्र

फोनवर अभिनंदन झालं तरी राजीनामा अजून लिहायचा नाही. ऑफर लेटर येऊ द्या आणि तो पहिल्या पायरीचा कागद शेजारी ठेवून ओळीओळीने ताडून बघा. ठरलेली रक्कम किती आणि व्हेरिएबल किती, व्हेरिएबल कशावर अवलंबून आणि कधी मिळणार, सीटीसीत विमा आणि निवृत्ती निधीचा कंपनीचा वाटा धरला आहे का, एकरकमी बोनस वर्षाच्या आत सोडल्यास परत करायचा आहे का. हातात किती येणार हे पत्रात नसेल तर एचआरला ईमेलवर विचारा: "कपातीनंतर दरमहा अंदाजे किती जमा होतील, हे कळवाल का?" उत्तर ईमेलवरच येऊ द्या. बोलण्यात ठरलेलं काही पत्रात नसेल तर सही करण्याआधी त्याच दिवशी दाखवून द्या. बहुतेक वेळा ती टंकताना झालेली चूक असते आणि दुरुस्त पत्र येतं. ते आलं, आकडे जुळले, की सही करा, त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवा, आणि मग राजीनामा लिहायला बसा.